नामचंद पवळाबाई हिवरगावकर

कल्याणहून माळशेज घाट चढून, आळेफाट्यावरून संगमनेराकडे जाणारी पुष्कळ कुटुंबे आपल्या वागळे इस्टेटमध्ये आहेत. त्यांनी हिवरगाव पावसा हे नाव टोलनाक्याच्या पाटीवर कितीदा तरी वाचलेले असेल. गाडी थांबते, टोल कापला जातो, गाडी पुढे निघते. याच गावात १८७० साली एका महार कुटुंबात एक मुलगी जन्मास आली आणि पुढे तिच्या नावावर मुंबईची थिएटरे भरू लागली, हे त्या नाक्यावर कोणास ठाऊक नसते. पवळा तबाजी भालेराव हे तिचे नाव. सारा महाराष्ट्र तिला नामचंद पवळा हिवरगावकर म्हणून ओळखत असे.

मी हे नाव प्रथम ऐकले ते रागे भरताना. लहानपणी गावच्या घरी पदर खोचून आरशासमोर एखादी गिरकी घेतली की आजी चुलीपुढून ओरडायची आणि पवळा व्हायचे आहे काय म्हणून विचारायची. पवळा म्हणजे काही तरी वाईट, एवढेच मला कळे. ही बाई खरोखरीच होऊन गेली, आणि तीही आमच्या गावाच्या पंचक्रोशीत, हे मला लग्न होऊन ठाण्यास आल्यावर कळले. आजीच्या रागाचे कारण तर त्याहून उशिरा कळले. ते पुढे सांगेन.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र येते. जिजामाता झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या. यंदा मी पवळाबाईंचे नाव सुचविले तेव्हा बैठकीत थोडी कुजबूज झाली. एका भगिनीने स्पष्टच विचारले की मुलींच्या हाती पडणाऱ्या अंकात तमाशातील बाईचे चरित्र कशाला. गंमत अशी की मागील वर्धापनदिनी किसननगर आणि श्रीनगरच्या मुलींनी नऊवारी नेसून, घुंगरू बांधून लावणी केली तेव्हा याच भगिनीने सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजविल्या होत्या. टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही, मीही वाजविल्या. पण सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने लावणीच्या परंपरेविषयी चार वाक्ये सांगितली त्यांत रामजोशी आले, होनाजी आले, पठ्ठे बापूराव आले. बाई एकही आली नाही. म्हणून हा लेख.

पवळाबाईंना लहानपणीच खंडोबाला वाहिले होते. नवस बोलायचा, तो फळला की मुलगी देवाला द्यायची, भंडारा उधळून तिचे लग्न देवाशी लावायचे आणि मग तिने मुरळी म्हणून जन्मभर जागरणात गात-नाचत राहायचे, अशी ही चाल. अशा मुली बहुतेक महार-मांगांच्या आणि इतर गरीब घरांतल्या असत. देवाची म्हणून तिला कोणी रीतसर बायको करून घेत नसे, आणि हक्क मात्र तिच्यावर वाटेल तो सांगत असे. जोतिराव फुल्यांपासून अनेकांनी या चालीविरुद्ध आवाज उठविला. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला तो १९३४ साली. तोवर पवळाबाई साठी ओलांडून गेल्या होत्या.

तथापि जागरण ही गळ्याची मोठी शाळा असते, हेही सांगितले पाहिजे. वाघ्याची दिमडी, तुणतुणे, हातातली घाटी, आणि रात्री सुरू झालेले गाणे पहाट फुटेपर्यंत चालवायचे. समोर दमून आलेली, अर्धवट पेंगणारी माणसे. त्यांना जागे ठेवायचे तर गळा उघडा हवा, शब्द स्वच्छ हवा आणि पाय ठेक्यात हवा. पवळाबाईंपाशी हे सर्व होते. रूपही होते.

त्या काळी ढोलकीच्या फडात बायकांची कामे पुरुषच करीत. कोवळ्या वयाचा मुलगा लुगडे नेसून उभा राही. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. फडावर प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्या पहिल्या स्त्रियांत पवळाबाईंचे नाव घेतले जाते. पुष्कळ लोक त्यांनाच पहिल्या मानतात. संगमनेरकडून त्या फडाबरोबर मुंबईस आल्या आणि तेथे त्यांची गाठ बापूरावांशी पडली.

बापूरावांचे चरित्र पुष्कळांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. त्यांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावचा. घर ब्राह्मणाचे, कुलकर्णीपणाचे वतन असलेले. पोर हुशार, पण कान महारवाड्यातील ढोलकीकडे लागलेले. पुढे वतन सुटले, घर सुटले, जात सुटली, आणि श्रीधरपंतांचे पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लेखणीला तोड नव्हती. गण, गवळण, लावणी, वग, जे म्हणाल ते त्यांनी लिहिले, आणि ढिगांनी लिहिले. जातिबहिष्कार, निंदा, कुचेष्टा सर्व सोसले. या माणसाच्या त्यागाला कमी लेखावे असे मला मुळीच वाटत नाही.

परंतु भगिनींनो, एका गोष्टीचा विचार करा. एकाच फडावर दोघे उभी आहेत. तेच पाल, तीच ढोलकी, समोर तेच प्रेक्षक. बापूराव तेथे आले तो त्याग ठरला, कारण त्यांना सोडण्यासारखे काही होते. पवळाबाईंना सोडण्यासारखे काही नव्हते, तेव्हा त्यांचे तेथे उभे राहणे हा त्यांच्या जातीचा धंदा ठरला. त्यांनी गावचे घर सोडले, रात्र-रात्र पाय झिजविले, शिट्या सोसल्या, दौलतजादा करणाऱ्याच्या हाताचा स्पर्श सोसला, पण त्याला कोणी त्याग म्हटले नाही. आपली भाषाच पाहा. बापूरावांविषयी बोलताना आपण बापूराव गेले, बापूराव म्हणाले असे म्हणतो. पवळाबाईंविषयी बोलताना पवळा आली, पवळा नाचली. वयाने दोघांत चार वर्षांचे अंतर, आणि एकास अहोजाहो तर दुसरीस अगंतुगं. मीही वरती, तिचे नाव सांगताना, तसेच लिहून गेले आहे. पुसणार नाही, राहू द्या. येथून पुढे मात्र नाही.

आता लावणी म्हणजे काय, ती कोणाची, हा प्रश्न. कागदावर लिहिलेली लावणी ही पाकक्रियेसारखी असते. ती वाचून पोट भरत नाही. फडावर बाई एकच ओळ चार-चार वेळा घेते. पहिल्यांदा शब्द नुसता समोर ठेवते, दुसऱ्यांदा डोळ्याने त्याचा अर्थ बदलते, तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबून पाठीमागच्या झीलकऱ्यांना ती पुरी करू देते. ढोलकीवाला तिच्या पावलांवर नजर ठेवून असतो. ती थबकली की त्याने बोल फिरवायचा, ती सुटली की त्यानेही सुटायचे. समोरचा गिरणीकामगार बारा तास साच्यावर उभा राहून आलेला आहे, त्याची बायकामुले गावी आहेत, आणि त्याला त्या एका ओळीत आपले गाव दिसले पाहिजे. हे काम लेखणीने होत नाही. तेव्हा बापूरावांच्या लावण्या मुंबईभर झाल्या त्या पवळाबाईंच्या तोंडून, हे मान्य करण्यात त्यांच्या लेखणीचा काहीच अवमान नाही. आणि ज्या ढोलकी-हलगी-तुणतुण्यावर ती लावणी उभी होती, ती वाद्ये आणि त्यांचे बोल महार-मांगांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले होते. बापूराव तेथे शिकण्यास गेले होते, शिकविण्यास नव्हे.

पण शाहिरी परंपरेत लावणीच्या शेवटी कवीचे नाव गुंफण्याची रीत आहे. बापूरावांच्या लावण्यांत शेवटच्या कडव्यात पठ्ठे बापूराव येतात. म्हणजे पवळाबाई दर रात्री आपल्याच तोंडाने दुसऱ्याचे नाव लोकांच्या कानांत घालीत होत्या. फड उठला, ढोलकी थांबली, नाचणारीचे पाऊल पुसले गेले, आणि नाव तेवढे उरले. पुढे लावण्या छापल्या गेल्या त्या बापूरावांच्या म्हणून. गळ्याला आणि पायाला छापखाना नसतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत बिग मामा थॉर्नटन नावाची एक कृष्णवर्णीय गायिका होती. दोन गोऱ्या तरुणांनी लिहिलेले हाउंड डॉग हे गाणे तिने १९५२ साली गाऊन ध्वनिमुद्रित केले आणि कृष्णवर्णीय लोकांत ते अतोनात गाजले. चार वर्षांनी एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकाने तेच गाणे म्हटले, लक्षावधी तबकड्या खपल्या आणि ते गाणे जगभर त्याचे झाले. थॉर्नटनबाईंच्या हाती, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, पाचशे डॉलर पडले. तेथे वर्ण, येथे जात. मात्र आपल्या कथेत एक फरक आहे. प्रेस्लीला ते गाणे म्हणून काही गमवावे लागले नाही, उलट तो राजा झाला. बापूराव मात्र जातीतून उठले ते उठलेच. त्यामुळे आपल्या कथेत कोणाला चोर ठरवून मोकळे होता येत नाही.

बापूरावांचा फड ऐन भरात असताना १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांसमोर त्यांचा मिठाराणीचा वग झाला. तमाशास राजवाड्यात मान मिळाला, ही मोठीच गोष्ट. आणि नेमक्या त्याच वर्षी पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी सोमवंशीय मित्र हे पत्र काढून मुरळीच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली होती. त्या पत्रातून मुरळ्यांना साद घातली जात होती, आणि मुरळी झालेल्या एका बाईचे रीतसर लग्नही तेव्हा लागले. एकीकडे मुरळीच्या अंगची कला टाळ्या घेत होती, दुसरीकडे तिचीच जातभाई मंडळी तिला त्यातून सोडवू पाहत होती. पवळाबाई या दोन्हींच्या मध्ये उभ्या होत्या.

याचा पुढचा प्रसंग १९२७ चा. महाडच्या सत्याग्रहासाठी पैसा लागत होता. बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न त्या कामास देऊ केले. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेतले नाही. महार स्त्रियांना फडावर नाचवून मिळविलेल्या पैशावर महारांच्या स्वाभिमानाचा लढा उभा राहू नये, अशी त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. ज्या घरांतून मुली देवाला आणि फडाला जात होत्या त्या घरांना ते कोणी तरी ठणकावून सांगणे जरूर होते. तरी ही हकीगत जेव्हा जेव्हा सांगितली जाते तेव्हा एक देणारा आणि एक नाकारणारा, अशा दोन पुरुषांची ती होते. जिच्या पायांनी तो पैसा मिळाला होता, ती बाई तीत विंगेतच उभी असते.

यानंतर समाज बदलला. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी तीच, ठेका तोच, पण नाचणारी बाई नाही, गवळणीतली छेडछाड नाही. त्या जागी शिक्षण, संघटना, पाण्याचा हक्क. वाड्यावाड्यांतून घुंगरू उतरविले गेले. माझ्या आजीचे बालपण याच दिवसांतले. तिच्या माहेरच्या वाड्यातील दोन घरांतल्या मुली पूर्वी फडात गेल्या होत्या, त्यांपैकी एक परत आलीच नाही, असे माझ्या आईने मला मागाहून सांगितले. तेव्हा आजी मला पवळा व्हायचे काय म्हणून ओरडे, ती पवळाबाईंना शिवी देत नव्हती. तिला धास्ती वाटत होती. नात शाळा सोडून आरशापुढे उभी राहिली तर पुन्हा तेच दार उघडेल, अशी ती धास्ती. हे कळल्यापासून माझा आजीवरचा राग गेला. पण याचा एक परिणाम असा झाला की पवळाबाईंचे नाव कोणीच आपले म्हणून घेतले नाही. वरच्या म्हणविणाऱ्यांनी घेतले नाही, कारण ती तमाशातली महारीण. आपल्या माणसांनी घेतले नाही, कारण ज्या वाटेवरून निघून यायचे होते त्या वाटेची ती खूण.

संगमनेर तालुक्याचेच उदाहरण घ्या. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे, पेशवाईतले. तेही ब्राह्मण, तेही तमाशात रमलेले, लावण्या रचलेले. त्यांचे फटके शाळेच्या पुस्तकात आले आणि संगमनेरात त्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते. ते योग्यच आहे. पण तेथून हाकेच्या अंतरावरील पवळाबाई कोणत्याच धड्यात आल्या नाहीत.

पवळाबाई आणि बापूराव यांची अखेर ताटातूट झाली. एवढी वर्षे एकमेकांच्या आधाराने उभी असलेली ती दोन माणसे वेगळी झाली आणि मग दोघांचेही पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. मुंबईस बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळले. पवळाबाई १९३९ साली गेल्या, तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर होते. बापूराव त्यानंतर सहा वर्षे जगले आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात, अगदी हलाखीत, वारले. ज्या समाजाने बाईला वर येऊ दिले नाही, त्याने तिच्याबरोबर खाली आलेल्या माणसालाही वर घेतले नाही.

गंमत पुढेच आहे. दोघे गेल्यावर लावणीला प्रतिष्ठा आली. १९४७ साली लोकशाहीर रामजोशी हा चित्रपट निघाला. पुढे पठ्ठे बापूरावांच्या नावानेही चित्रपट निघाला. तमाशात उतरलेला ब्राह्मण शाहीर हा नायक आणि नाचणारी बाई हा त्याचा मोह, अशी ही एक ठरावीक कथा होऊन बसली. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने खऱ्या तमाशावर अश्लील म्हणून बंदी घातली, ती उठविल्यावर वग तपासून मगच परवाने देण्याचे ठरविले. आणि इकडे १९५९ साली आलेला सांगत्ये ऐका पुण्यात शंभर आठवड्यांहून अधिक चालला. गदिमांची गाणी, वसंत पवारांचे संगीत, आशाबाईंचा आवाज. मी तो चित्रपट अनेकदा पाहिला आहे आणि पुन्हा पाहीन. पुढे सुलोचनाबाई चव्हाणांनी डोक्यावर पदर घेऊन, एका जागी बसून लावणी घराघरांत नेली. त्यांच्या गळ्याचे उपकार मोठे आहेत. फक्त मनात येते, लावणी घरात येण्यासाठी तिला प्रथम पाय काढून ठेवावे लागले. ज्यांचे पाय होते त्या बाया तंबूतच राहिल्या. नारायणगावच्या विठाबाई २००२ साली गेल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावतीण, पण त्यांचेही अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. त्यांच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार सुरू झाला तो त्या गेल्यानंतर.

आज आपल्या मुली मोबाइलवर पाहून चार दिवसांत लावणी बसवितात. कोणाची मुलगी कोणत्या जातीची, हे पथकात कोणी विचारीत नाही, आणि तेच बरे आहे. ज्या घुंगरांमुळे माझ्या आजीच्या वाड्यातली मुलगी परत आली नाही, तेच घुंगरू उतरवून आपल्या मुली रात्री दहाला घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला जातात. हे सुख लहान नाही. मात्र ते पवळाबाईंना मिळाले नव्हते, आणि आपण नाचतो त्या प्रत्येक लावणीत त्यांच्यासारख्यांचे पाऊल आहे, हे मुलींना ठाऊक असावे एवढेच माझे बैठकीत म्हणणे होते.

बैठकीत शेवटी असे ठरले. यंदाच्या कार्यक्रमात लावणी राहील. एक भगिनी अजूनही विरुद्ध आहेत, त्यांचे मत वहीत नोंदविले आहे. लावणीपूर्वी दोन मिनिटे पवळाबाईंची माहिती सांगितली जाईल आणि ती सांगण्याचे काम सूत्रसंचालन करणाऱ्या त्याच मुलीने आपणहून मागून घेतले आहे. तिचे मूळ गावही संगमनेरकडचेच निघाले. मागच्या महिन्यात ती एका लग्नासाठी तिकडे गेली होती, तेव्हा टोलनाक्यावर गाडी उभी असताना तिने पाटीचा फोटो काढून मला पाठविला.